हिरव्या पेनाचे दोन गुण

रविवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना फ्रेमवाले टीव्हीसमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीत बसत, मांडीवर एक गुळगुळीत फळी घेत, फळीवर फॉर्म पसरत आणि शर्टाच्या खिशातून दोन पेनं काढत. निळं त्यांचं. हिरवं बायकोचं. बायको जाऊन चौदा महिने झाले होते, तरी या चौदा महिन्यांत हिरव्या पेनाची रिफिल दोनदा संपली होती. ती होती तेव्हाही त्याच वेगाने संपत असे. तो वेग फ्रेमवाल्यांनी मोठ्या निष्ठेने राखला होता.

फॉर्म टीव्ही केंद्राचा. शहरातल्या आठ घरांत तो दर आठवड्याला खाकी पाकिटातून येई आणि भरून परत जाई. प्रश्न एकच, नाना वेषांत विचारलेला: कला आणि संस्कृतीचे कार्यक्रम सादर करणारे निवेदक त्या कामाला शोभतात का? विषयाची जाण, आवाज, कपडे, पाहुण्यांशी वागणं, असं करत करत फॉर्म शेवटी जाड अक्षरांत मुद्द्यावर येई: 'दहापैकी गुण द्या.' पुढे दोन रकाने, प्रेक्षक एक आणि प्रेक्षक दोन. त्याखाली शेऱ्यासाठी दोन ओळी. या दोन ओळी बायकोला जन्मात पुरल्या नाहीत. ती समासातून वर चढे, वळसा घालून मागच्या पानावर जाई आणि तिथून बाण काढून पुन्हा पुढे येई. वाचणाऱ्याला फॉर्म स्टिअरिंगसारखा फिरवावा लागे.

चित्रांना चौकटी ठोकणाऱ्या माणसाला हा मान मिळाला कसा? तर केंद्रातल्या फॉर्म-विभागाच्या कारकून बाई एकदा आपल्या निवृत्त होणाऱ्या साहेबांचा फोटो घेऊन दुकानात आल्या. "सोनेरी पट्टी लावा," म्हणाल्या. फ्रेमवाल्यांनी फोटो हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब आधीच पुष्कळ चमकतायत. साधी काळी लावू." बाई हसल्या त्या हसतच राहिल्या. जाताना त्यांनी विचारलं, "काका, घरी तुम्ही दोघं मिळून टीव्ही बघता का?"

बघत होते. पण एकाचं तोंड पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला.

फ्रेमवाल्यांचं म्हणणं असं की निवेदक म्हणजे फ्रेम. आणि चांगली फ्रेम कुठली? घरी गेल्यावर जी आठवत नाही ती. चाळीस वर्षं त्यांनी लाकडाच्या पट्ट्या तिरप्या कापल्या होत्या, चारी कोपरे असे जुळवले होते की सांध्यात नख जाऊ नये, आणि एकाही गिऱ्हाइकाने आजवर "कोपरे छान झालेत" म्हटलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. अभिमान बाळगायला माणूस काय शोधून काढील, सांगता येत नाही.

बायकोचं शास्त्र निराळं. ती अठ्ठावीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत माइकसमोर होती. तिने घोषणा केली की सुटलेली गाडी वळणावरून परत येते, असं तिथले ड्रायव्हर सांगायचे, आणि त्यांतला एक तरी खरंच परत आला असणार. "माइक हातात आहे आणि माणूस गप्प आहे, म्हणजे कुणाची तरी गाडी चुकणार," हे तिचं ब्रह्मवाक्य. या एका मापाने ती सगळ्या निवेदकांना मोजे. गाण्यांच्या कार्यक्रमातला लांब केसांचा निवेदक गाणं सुरू व्हायच्या आतच मान डोलावू लागे. त्याच्यावर तिचा शेरा, 'हा जेवायच्या आधीच ढेकर देतो.' पुस्तकांच्या कार्यक्रमातल्या मुलीला तीन गुण, कारण 'पुस्तकाच्या कण्यावर एक सुरकुती नाही. मी अर्धा तास कणाच बघत होते.' मूर्तिकारांच्या मुलाखती घेणाऱ्या प्राध्यापकांबद्दल, 'प्रश्न एवढा लांब, की उत्तर बिचारं दाराशी उभं राहून घरी गेलं.'

पण खरी लढाई होई ती रविवारी सहाच्या 'चित्राचा तास'वरून. त्याची निवेदिका पन्नाशीची, राखाडी कपड्यांतली, मोठ्या काचांच्या चष्म्याची. ती चित्राबद्दल चार वाक्यं सांगे, मग बाजूला होई आणि अख्खं एक मिनिट काही म्हणजे काही बोलत नसे. पडद्यावर नुसतं चित्र. फ्रेमवाले या बाईला नऊ गुण देत. बायको दोन देई आणि तिला मौनीबाई म्हणे.

"पगार बोलायचा घेते ना ती?"

"चित्र बघू देते. हेच तिचं काम."

"मग खुर्ची ठेवा ना तिच्या जागी! तीही गप्प बसेल."

"बघू दे गं."

"बघा, बघा. बाकी, त्या बाईला दर आठवड्याला नऊ देता. मला आयुष्यात कधी सहाच्या वर दिलेत का?"

"तू कुठे कधी फॉर्म दिलास?"

असं ते मिनिट जाई. तीन वर्षं दर रविवारी गेलं. मग एका मंगळवारी सकाळी बायकोच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इतका कमी वेळ तिने आयुष्यात कुठल्याच गोष्टीला घेतला नव्हता.

पहिली दोन पाकिटं तशीच पडून राहिली; तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फॉर्म उघडला. फ्रेमवाल्यांनी निळ्या पेनाने आपला रकाना भरला. शेजारचा रिकामा रकाना काच फुटलेल्या फ्रेमसारखा दिसत होता. पाकीट चिकटवलं, पुन्हा उघडलं. हिरवं पेन घेतलं आणि मौनीबाईपुढे 'दोन' लिहिलं. ती असती तर दुसरं काय दिलं असतं? मग शेऱ्याची ओळ कोरी बरी दिसेना, म्हणून एक वाक्य लिहिलं. ते वाचून त्यांना स्वतःलाच हसू आलं आणि त्या घरात किती तरी दिवसांनी कुणी तरी हसलं. पुढच्या रविवारी दोन वाक्यं झाली. सहा महिन्यांत फ्रेमवाले समासातून वर चढून मागच्या पानावर उतरायला शिकले. जन्मभर जे गृहस्थ "हं" आणि "बघू" या दोन शब्दांवर संसार करून मोकळे झाले होते, ते आता आठवडाभर पट्ट्या कापताना, काचेवर हिऱ्याची रेघ ओढताना मनात टोमणे घासूनपुसून ठेवू लागले. लेक परगावी होती, ती रविवारी सात वाजता फोन करी, "बाबा, जेवताय ना नीट?" विचारी. ते "हं" म्हणत. हिरव्या पेनाची गोष्ट त्यांनी तिलाही सांगितली नाही.

आणि एका गुरुवारी दुकानात कारकून बाईंचा फोन आला.

"काका, काकू कशा आहेत?"

"आहे," फ्रेमवाले म्हणाले, आणि हातोडी त्यांनी खिळ्याऐवजी बोटावर मारली.

"त्यांचे शेरे आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचतात हो! सोमवारी चहाच्या वेळी सगळी माणसं माझ्या टेबलापाशी. 'दोनवाल्या काकू' नाव पडलंय त्यांचं. अलीकडे तर काय धार आलीय! वर्षभरात नुसत्या बहरल्यात."

फ्रेमवाले बोट तोंडात घालून ऐकत होते. बायकोपेक्षा आपण बायको बरी वठवतो, हे ऐकून नवऱ्याने खूश व्हावं की काय व्हावं, याचा दाखला त्यांना सापडेना.

"पण काम वेगळंच आहे," बाईंचा आवाज उतरला. "'चित्राचा तास'ची निवेदिका बदलायचं चाललंय. नियम आहे, सरासरी सहाच्या खाली गेली की बदल. तिची पाच पूर्णांक आठ आलीय. सोळाच तर प्रेक्षक. बाकीचे पाच-सहा देतात, तुम्ही नऊ देता, पण काकूंचे दोन दर वेळी तिला खाली ओढतात. या रविवारचा फॉर्म शेवटचा, त्याच्याच सरासरीवर ठरणार. मंगळवारी बैठक. तर मी म्हटलं, रविवारी येऊन काकूंशी प्रत्यक्ष बोलावं. असतात ना घरी?"

"रविवारी... असते," फ्रेमवाले म्हणाले.

फोन ठेवला तरी ते तसेच उभे राहिले. गेले चौदा महिने ज्या एका आवाजाची ते सोमवारपासून वाट बघत, त्या आवाजाच्या पायाखालची फळी ते स्वतःच दर रविवारी कापत होते, तीही हिरव्या शाईची रेघ आखून. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शनिवारी त्यांनी नाना बेत केले. एकदा वाटलं, तासाभरासाठी मेव्हणीला उसनी आणावी. आवाज हुबेहूब बायकोचा. पण ती सगळ्यांनाच दहा देई, दूधवाल्यालासुद्धा. दोनवाल्या काकू म्हणून ती पहिल्या वाक्यालाच पकडली गेली असती. मग वाटलं, सोपं आहे, हिरव्या पेनाने सात लिहावेत. 'मत बदललं' असा शेरा. दुकानात कोणी नाही हे बघून त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिरव्या पेनाने एक सात काढून पाहिला. चांगला आला. तिच्यासारखाच, डावीकडे झुकलेला, डोक्यावर छोटी आडवी रेघ असलेला. बघता बघता त्यांना तो इतका परका वाटला की त्यांनी तो तुकडा एका चित्राच्या पाठीमागे घालून वर कागद चिकटवून टाकला. ते चित्र ज्याच्या घरी गेलं, त्याला आपल्या भिंतीवर काय टांगलंय याचा पत्ता नाही.

रविवारी पावणेसहाला कारकून बाई आल्या. पन्नाशीच्या, धापा टाकत, जिन्याला नावं ठेवत. फ्रेमवाल्यांनी तीन कप मांडले होते. बाई सरळ उजवीकडच्या खुर्चीत बसल्या. फ्रेमवाल्यांचा हात पुढे झाला आणि मागे आला. चौदा महिन्यांत त्या खुर्चीने माणसाचं वजन पाहिलं नव्हतं, ती कुरकुरली.

"काकू कुठायत?"

"येईल," फ्रेमवाले म्हणाले. "सुरू होऊ दे."

सुरू झालं. राखाडी कपड्यांतल्या मौनीबाई आल्या. चित्र होतं एका स्वयंपाकघराचं: खिडकीशी किटली, ओट्यावर सोललेल्या सालींचा ढीग, आणि कोणीच नाही. त्यांनी चार वाक्यं सांगितली. मग त्या बाजूला झाल्या आणि ते मिनिट आलं.

फ्रेमवाल्यांना या मिनिटाची गेले वर्षभर धास्ती वाटे. आधी त्यांनी ते कबूल केलं नव्हतं. या मिनिटासाठीच तर ते नऊ गुण देत! पण या मिनिटात आता फ्रिजची घरघर ऐकू येई, वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू येई, स्वतःचा श्वासही ऐकू येई. मौनीबाई गप्प बसते हे त्यांनी तीन वर्षं कौतुकाने सांगितलं होतं. पण ती तीन वर्षं या खोलीत ते मिनिट एकदाही गप्प नव्हतं. गप्प बसणं म्हणजे काय हे त्यांना आत्ता कुठे कळायला लागलं होतं, आणि ते काही नऊ गुणांचं नव्हतं.

आज शेजारी कोणी तरी बसलेलं होतं. खुर्ची कुरकुरत होती. दहा सेकंद गेली, वीस गेली, आणि फ्रेमवाल्यांच्या तोंडून, त्यांनी न ठरवता, खणखणीत आवाजात निघालं:

"झालं! सुटली हिची गाडी. बसा आता फलाटावर सालं मोजत!"

कारकून बाई फस्सकन हसल्या. "अगदी काकूंसारखं बोललात हो, काका..."

आणि थांबल्या. त्यांनी फ्रेमवाल्यांकडे पाहिलं. मग फळीवरच्या दोन पेनांकडे. मग तिसऱ्या कपाकडे, ज्यातल्या चहावर साय धरली होती. पडद्यावर मौनीबाई पुन्हा बोलू लागल्या होत्या, पण खोलीत कोणी ऐकत नव्हतं.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"चौदा महिने झाले."

"म्हणजे तो... नाचाच्या कार्यक्रमातल्या सूट घातलेल्या माणसाबद्दल, 'हा नाचाला आलाय की कर्ज मंजूर करायला', तो?"

"तो माझा."

"आणि 'ही कवीला इतकं 'वा वा' म्हणते की कविता मध्येच घाबरली'?"

"तोही." फ्रेमवाले जरा ओशाळले, जरा फुललेही. "ढेकराचा मात्र तिचा. तसा मला अजून जमत नाही."

बाईंनी डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, ते त्यांनाच माहीत. अर्ध्या तासाचा तो 'तास' संपला. मग बाई खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी काही पाहिलं नाही. काकू बहिणीकडे गेल्यात. हिरव्या पेनाने सात लिहा, मी फॉर्म घेऊन जाते. सरासरी सहाच्या वर जाते, बाई वाचते."

"तिने सात दिले नसते."

"कशावरून? चौदा महिन्यांत माणसाचं मत बदलू शकतं."

"शकतं की," फ्रेमवाले म्हणाले. "पण बदलायला माणूस नको का?"

 बाईंनी पदरचा एक प्रयत्न करून पाहिला. "मग तो रकाना कोरा ठेवा. नुसते तुमचे नऊ."

"चालेल?"

बाईंनी मान खाली घातली. त्या कारकून होत्या आणि तीस वर्षं नियमांबरोबर राहून नियमाबद्दल खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "नाही चालत. फॉर्म दोन प्रेक्षकांच्या घरालाच. एक असला की घर बाद. त्यांचे दोनही जातात आणि तुमचे नऊही जातात. मागचे चौदा महिनेही जातात. बाकीच्या सात घरांवर काही ती बाई तरत नाही, मी बेरीज करून पाहिलीय." आणि मग घाईघाईने, "म्हणून तर म्हणते, सात लिहा! कुणाचं काय जातंय?"

फ्रेमवाल्यांनी हिरवं पेन उचललं. टोपण काढलं.  एवढी तीन वर्षं जिने एका गुणाचीही सूट दिली नाही, नवऱ्याच्या आवडीसाठीसुद्धा नाही, तिच्या हाताने सात लिहायचे, आणि तेही तिला न विचारता. आजवरचे दोन लिहिताना निदान ती कानाशी होती. सात लिहिताना तिथे कोणी नसेल, फक्त हिरव्या पेनाने लिहिणारा एक फ्रेमवाला.

त्यांनी टोपण लावलं. निळं पेन घेतलं, पट्टी ठेवली आणि दुसऱ्या रकान्यावर वरून खालपर्यंत सरळ रेघ मारली. चाळीस वर्षं काचेवर मारत आले होते तशी, एका दमात, न थांबता. शेजारी लिहिलं: 'हा प्रेक्षक चौदा महिन्यांपासून हजर नाही. तेव्हापासूनचे गुण त्याचे धरू नयेत.' मग स्वतःच्या रकान्यात नऊ घातले. शेऱ्याच्या ओळीवर ते अडले. आजवर त्यांचा शेरा ठरलेला असे: 'शांत. अभ्यासू.' आज त्यांनी लिहिलं: 'ही बाई गप्प राहते, तेव्हा घरातल्या माणसाला बोलायला जागा मिळते. कलेच्या निवेदकाला याहून जास्त काय यायला हवं? ज्यांच्या घरात बोलणारं माणूस आहे, त्यांनी तिला नऊच्या खाली देऊ नयेत.'

दोन ओळी पुरल्या नाहीत. समासातून वर चढावं लागलं.

"बाद होणारा फॉर्म एवढा कशाला भरताय?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सोमवारी वाचता ना मोठ्याने?"

बाईंनी फॉर्म घडी न घालता पर्समध्ये ठेवला. अर्धा बाहेर राहिला. दारात त्या म्हणाल्या, "काका, येत जाईन मी मधनंमधनं." त्या मनापासून म्हणाल्या. पण चार जिने होते, आणि त्यांचे गुडघे दुखत.

सात वाजता लेकीचा फोन आला. "बाबा, जेवताय ना नीट?"

"हं," फ्रेमवाले म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आईचा फॉर्म बंद केला आज."

"कुठला फॉर्म?"

ते सांगू लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या बाजूने फोन वीस मिनिटं चालला, आणि मध्येच लेक हसता हसता एकदम गप्प झाली.  फ्रेमवाल्यांनी वाट पाहिली.

खाकी पाकिटं यायची थांबली. महिन्याभराने 'चित्राचा तास'ला नवा निवेदक आला. तिशीचा, तरतरीत, बाह्या दुमडलेला. बोलायला लागला तो सुई शिरायला फट नाही. चित्राचा रंग सांगे, चित्रकाराच्या तीन बायका सांगे, चित्राची किंमत सांगे, आणि हे सगळं सांगताना दोन्ही हात चित्रापुढून असे फिरवी की चित्र बघायचं तर त्याच्या बोटांच्या फटींतून. फ्रेमवाले डाव्या खुर्चीत, मांडीवर फळी घेऊन बसले होते. फळीवर काही नव्हतं. बायकोला हवा होता तसाच हा निवेदक, माइकवर क्षणभर न थांबणारा. पण तिच्या बोलण्याला याने जागा कुठे ठेवली होती? दोघांची एकदम बोलायची वेळ आली असती, आणि हा हरला असता.

फ्रेमवाल्यांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

आता तो माणूस नुसताच तोंड हलवत होता. फ्रिज घरघरत होता. वर कोणी तरी नळ सोडला. उजवीकडची खुर्ची, कारकून बाई उठून गेल्या तेव्हा सरकली होती ती, अजून थोडी तिरकी, त्यांच्याकडे वळलेली होती. त्यांनी घड्याळात पाहिलं. पंधरा सेकंद. तीस. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"हा चित्र दाखवतोय," ते खुर्चीला म्हणाले, "की कपडे वाळत घालतोय गं?"

मग मौनीबाईच्या मिनिटातलं अर्धं उरलं होतं, तेवढं थांबले.